तीन बाजू पुरेत का?

प्रस्तावना

आमच्या घरची वाटणी झाली तेव्हा मी नववीत होतो. धाकट्या काकांनी त्यांच्या वाट्याला येणाऱ्या तुकड्याच्या चार बाजू एका चिठ्ठीवर लिहून आणल्या. माप दोरीनं घेतलेलं, मीटरमध्ये : ४०, ३०, ४०, ३०. ‘‘तुझं गणित चांगलं आहे, क्षेत्र किती भरतं ते सांग,’’ म्हणाले. समोरासमोरच्या बाजू सारख्या पाहून मी लगेच गुणाकार केला आणि १२०० चौरस मीटर सांगितलं. त्याच आकड्यावर पुढची सगळी बोलणी झाली. काही महिन्यांनी रीतसर मोजणी झाली, तेव्हा तुकडा १११२ चौरस मीटर निघाला. जवळजवळ गुंठाभर जमीन कागदावर होती आणि जागेवर नव्हती. तुकडा काटकोनी नव्हता, एका अंगाला कललेला होता. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ५० मीटर भरायला हवे होते, तिथे ४० च भरत होते. ते पाचवं माप कुणी घेतलंच नव्हतं, आणि मीही ते मागितलं नव्हतं.

गुणाकार चुकला नव्हता. त्या चार आकड्यांत उत्तर मुळात नव्हतं, आणि तरीही मी ते दिलं. पुढे अनेक वर्षं शाळेत भूमिती शिकवताना ही गोष्ट मनात राहिली. तोच तुकडा त्रिकोणी असता, तर काकांच्या चिठ्ठीवर तीनच आकडे असते आणि ते पुरले असते. चौथी बाजू आली की माहिती वाढते आणि उत्तर मात्र हातातून निसटतं. असं का व्हावं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

प्रश्न साध्या शब्दांत असा : त्रिकोणाच्या तीन बाजूंची लांबी सांगितली, तर त्याचं क्षेत्रफळ ठरतं का? यातल्या ‘ठरतं’ या शब्दाकडे नीट पाहायला हवं, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला असा की त्या तीन लांबींचे, पण वेगवेगळ्या क्षेत्रफळांचे दोन त्रिकोण असू शकतात का? दुसरा असा की ते क्षेत्रफळ एकच असेल, तर बाजूंवरून ते काढायचं कसं? शाळेत आपण पहिल्याचं उत्तर ‘बाबाबा कसोटी’ या नावानं शिकतो आणि दुसऱ्याचं ‘हेरॉनचं सूत्र’ या नावानं. दोन्ही वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. पहिलं एकरूपतेत, दुसरं क्षेत्रफळात. त्यांचं एकमेकांशी नातं आहे, हे बहुतेक मुलांना कधी कळतच नाही.

पहिल्याचं उत्तर हातानं कळतं. तीन काड्या टोकाला टोक बांधा. एकदा त्रिकोण जमला की तो हलत नाही. चार काड्या बांधल्या तर चौकट डावी-उजवीकडे झुकवता येते. बाजू त्याच राहतात आणि क्षेत्रफळ शून्यापर्यंत खाली येतं. सुताराला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. म्हणून छपराची कैची त्रिकोणांची असते, आणि फाटकाची चौकट लचकायला लागली की तिच्यावर एक तिरपी पट्टी मारतात. ती पट्टी चौकटीचे दोन त्रिकोण करते. काकांच्या तुकड्याचं पाचवं माप म्हणजे हीच पट्टी.

यूक्लिडनं आपल्या ‘मूलतत्त्वां’च्या पहिल्याच पुस्तकात, आठव्या विधानात, ही गोष्ट सिद्ध केली : तीनही बाजू सारख्या असतील तर त्रिकोण सर्वांगी सारखे. क्षेत्रफळ ठरतं हे तिथंच ओघानं आलं. ते किती, हे मात्र यूक्लिड सांगत नाही. त्याच्या ग्रंथात आकडे नाहीतच. ते काम मापाड्यांकडे होतं, आणि मापाड्यांची परंपरा भूमितिकारांच्या शेजारी, बहुधा त्यांच्याशी न बोलता, चालत होती.

इजिप्तमध्ये एडफूच्या देवळाच्या भिंतींवर दान दिलेल्या शेतांची यादी कोरलेली आहे. चार बाजूंच्या शेताचं क्षेत्र तिथं कसं काढलं आहे? समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घ्यायची आणि दोन्ही सरासरींचा गुणाकार करायचा. त्रिकोणी शेत असेल तर चौथी बाजू ‘काही नाही’ धरून तीच रीत. मी नववीत वापरलेली रीतही हीच, आणि आपल्या गावांतून आजही ती चालते. या रीतीचा एक गुण सहसा कुणी सांगत नाही : ती कधीच कमी उत्तर देत नाही. शेत काटकोनी असेल तरच ती बरोबर येते, नाहीतर दर वेळी जास्तच. ज्याला सारा भरायचा आहे, त्याच्या विरुद्ध झुकलेली अशी ही सरासरी आहे. फसवणुकीची उलटी तऱ्हाही जुनीच. पाचव्या शतकातला प्रोक्लस यूक्लिडवरच्या आपल्या टीकेत सांगतो की वाटणीत काही लोक दुसऱ्याला जास्त परिमितीची जमीन देऊन उदार म्हणवून घेत, आणि प्रत्यक्षात स्वतःकडे जास्त क्षेत्र ठेवत.

हेरॉन या दोन परंपरांच्या मधोमध उभा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला हा अलेक्झांड्रियाचा माणूस यंत्रांवर आणि मापनावर लिहीत होता. त्याचा ‘मेट्रिका’ हा ग्रंथ शतकानुशतकं हरवलेला होता. १८९६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या एका हस्तलिखितात तो सापडला. त्यात आज त्याच्या नावानं ओळखलं जाणारं सूत्र सिद्धतेसह आहे. तीन बाजूंची बेरीज करून निम्मी करा. ती झाली अर्धपरिमिती. तिच्यातून प्रत्येक बाजू वेगवेगळी वजा करा. अर्धपरिमिती आणि हे तीन फरक, अशा चार संख्यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या. त्याचं उदाहरण ७, ८, ९ बाजूंचं आहे : अर्धपरिमिती १२, फरक ५, ४, ३, गुणाकार ७२०. वर्गमूळ पूर्णांकात येत नाही, तरी हेरॉन थांबत नाही. तो अंदाजानं २६ पूर्णांक पाच षष्ठांश काढतो, आणि ते खऱ्या उत्तराच्या इतकं जवळ आहे की शेतात तरी फरक दिसणार नाही.

हे सूत्र हेरॉनचं नसावं, असंही म्हणतात. अल्-बिरुनीनं ते आर्किमिडीजच्या नावावर दिलं आहे. ते कुणाचंही असो, त्यात एक धिटाई आहे. ग्रीक भूमितीत दोन लांबींचा गुणाकार म्हणजे आयत, तिघींचा म्हणजे ठोकळा. चार लांबींचा गुणाकार म्हणजे काय? त्याला कुठला आकार नाही. तरीही सूत्र तोच गुणाकार करतं आणि वर्गमूळ घेऊन परत क्षेत्रफळावर येतं. संख्या आकारांच्या पुढे निघून गेल्याची ही फार जुनी खूण आहे.

आता आपल्याकडे येऊ. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण या प्रश्नाचं मर्म सर्वांत स्पष्टपणे ज्यानं सांगितलं तो इथला आहे.

आर्यभटानं ४९९ मध्ये त्रिकोणाचं क्षेत्रफळ पाया आणि लंब यांच्या गुणाकाराच्या निम्मं सांगितलं. ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त दोन नियम एकापाठोपाठ दिले. एक स्थूल, म्हणजे एडफूचाच सरासरीचा नियम. दुसरा सूक्ष्म : चारही बाजूंच्या बेरजेच्या निम्म्यातून एकेक बाजू वजा करा, चार फरकांचा गुणाकार करा, वर्गमूळ घ्या. चौथी बाजू शून्य धरली की हेरॉनचं सूत्र हातात येतं. किती देखणा नियम! पण हा चौकोनासाठी कसा खरा असेल? चार बाजूंनी क्षेत्रफळ ठरतच नाही, हे तर आपण काड्यांनी पाहिलं. नियम खरा आहे तो चक्रीय चौकोनासाठी, म्हणजे ज्याचे चारही कोपरे एका वर्तुळावर येतात त्यासाठी. त्या चार बाजूंचे जितके चौकोन होतील त्यांत सर्वांत मोठं क्षेत्रफळ या चक्रीय चौकोनाचं असतं. ब्रह्मगुप्तानं ही अट शब्दांत घातलेली नाही. त्याच्या मनात ती होती का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढच्या-मागच्या श्लोकांचा संदर्भ पाहता ती होती, असं मला वाटतं.

पाचशे वर्षांनी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त हा नियम घेतला आणि एका ओळीत त्याचे दोन भाग केले : चौकोनात यानं येणारं फळ अस्फुट, त्रिकोणात मात्र स्पष्ट. एवढ्या मोजक्या शब्दांत हा सगळा विषय मला दुसरीकडे कुठे सापडलेला नाही. आणि ते नुसतं म्हणून थांबले नाहीत, दाखवूनही दिलं. भूमी १४, मुख ९, दोन अंगांच्या बाजू १३ आणि १२, लंब १२, असा चौकोन घ्या. सूत्रानं १९८०० चं वर्गमूळ येतं, साधारण १४०.७. प्रत्यक्षात क्षेत्रफळ १३८. मग ते चारही बाजू २५ असलेला चौकोन घेतात आणि कर्ण बदलत जातात. कर्ण ३० आणि ४० असतील तर क्षेत्रफळ ६००. कर्ण १४ आणि ४८ असतील तर ३३६. दोन्ही कर्ण सारखे असतील तर ६२५. चारही बाजू त्याच. यानंतर त्यांचा शब्द कठोर होतो. लंब किंवा कर्ण न सांगता जो चौकोनाचं क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच्च, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठं पिशाच्च. नववीत मी दिलेलं उत्तर आठवलं की हा दुसरा भाग मला आपल्यासाठीच लिहिल्यासारखा वाटतो.

त्रिकोणाकडे भास्कराचार्यांची वाट हेरॉनपेक्षा वेगळी आणि माझ्या मते शिकवायला जास्त चांगली आहे. ते आधी लंब शोधतात. शिरोबिंदूपासून पायावर लंब टाकला की पायाचे दोन तुकडे होतात. त्यांना त्यांनी ‘आबाधा’ म्हटलं आहे. पाया १४, बाजू १३ आणि १५ घेऊ. ‘लीलावती’तलंच उदाहरण आहे, तिथं १४ साठी ‘मनू’ आणि १५ साठी ‘तिथी’ हे शब्द आले आहेत. दोन बाजूंची बेरीज २८, फरक २; गुणाकार ५६, त्याला पायानं भागलं की ४. हा आबाधांमधला फरक. म्हणून आबाधा ९ आणि ५. मग पायथागोरसच्या प्रमेयानं लंब १२ आणि क्षेत्रफळ ८४. कुठेही जादू नाही, प्रत्येक पायरी डोळ्यांना दिसते. तीन बाजूंमधून चौथी लांबी, म्हणजे लंब, बाहेर येतो आणि तो एकच येतो. ‘ठरणं’ आणि ‘काढणं’ हे दोन्ही प्रश्न एकाच हालचालीत सुटतात.

त्यापुढचं उदाहरण तर वर्गात मी नेहमी राखून ठेवायचो. पाया ९, बाजू १० आणि १७. हीच रीत लावली तर आबाधांमधला फरक २१ येतो, पायाहून मोठा. आबाधा निघतात १५ आणि उणे ६. उणे लांबी? भास्कराचार्य डगमगत नाहीत. हे ऋण म्हणजे उलट्या दिशेला, असं ते सांगतात. त्रिकोण विशालकोनी आहे आणि लंब पायाच्या बाहेर पडतो आहे. लंब ८, क्षेत्रफळ ३६. ऋण संख्येला दिशेचा अर्थ देणारं हे वाक्य बाराव्या शतकातलं आहे, हे सांगितल्यावर मुलं गप्प होतात.

आणि तिसरी गोष्ट. ३, ६, ९ बाजूंचा त्रिकोण कुणी विचारला तर? दोन बाजूंची बेरीज तिसरीएवढीच आहे, म्हणजे आकारच होत नाही. भास्कराचार्य त्याला ‘अक्षेत्र’ म्हणतात आणि विश्वास बसत नसेल तर त्या लांबीच्या सरळ काड्या मांडून पाहायला सांगतात. हेरॉनच्या सूत्रात हे आकडे घातले की शून्य येतं. तिसरी बाजू दोघींच्या बेरजेहून मोठी घेतली तर वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. म्हणजे अक्षेत्र कोणतं हे सूत्रालाही कळतं.

भास्कराचार्यांचा आणि आपला संबंध नुसत्या अभिमानाचा नाही. चाळीसगावजवळच्या पाटण इथं भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख सापडला आणि १८६५ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. शके ११२८ च्या त्या लेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. लीलावतीतला १३-१४-१५ चा त्रिकोण त्या मठात कुणीतरी कुणाला शिकवला असणारच.

याच त्रिकोणाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. हेरॉनच्या ‘मेट्रिका’त तो आहे. १२४७ मध्ये चीनच्या छिन च्यू-शाओनं तीन बाजूंवरून क्षेत्रफळाचा स्वतःचा नियम दिला. तो हेरॉनच्या सूत्राशी तंतोतंत जुळतो, रूप मात्र वेगळं. त्याच्या उदाहरणातलं शेतही १३, १४, १५ ‘ली’ बाजूंचं. ५-१२-१३ आणि ९-१२-१५ हे दोन काटकोन त्रिकोण पाठीला पाठ लावून जोडले की तो तयार होतो, म्हणून लंब आणि क्षेत्रफळ दोन्ही पूर्णांकात येतात. ज्याला विद्यार्थ्याच्या डोक्यावरचा वर्गमुळाचा भार हलका करायचा आहे, तो कोणत्याही देशातला असो, शेवटी याच त्रिकोणापाशी येतो.

केरळच्या परंपरेत, ज्येष्ठदेवाच्या ‘युक्तिभाषे’त, चक्रीय चौकोनाच्या सूत्राची उपपत्ती मल्याळममध्ये सविस्तर दिलेली आहे. भास्कराचार्यांनी मर्यादा दाखवली आणि ज्येष्ठदेवानं त्या मर्यादेच्या आत ते सूत्र का खरं आहे ते सांगितलं.

पश्चिमेकडे या प्रश्नाच्या तीन वाटा फुटल्या. एक कोनांची : चौकोनाच्या चार बाजूंबरोबर समोरासमोरच्या दोन कोनांची बेरीज सांगितली की क्षेत्रफळ ठरतं. हे सूत्र १८४२ मध्ये ब्रेटश्नायडरच्या नावावर आलं. दुसरी वर्तुळाची : चक्रीय पंचकोनाचं आणि षटकोनाचं काय? हा प्रश्न दीडशे वर्षं अडला होता. १९९४ मध्ये डेव्हिड रॉबिन्स या अमेरिकन गणितज्ञानं तो सोडवला. पंचकोनासाठी क्षेत्रफळाच्या वर्गाचं सातव्या घाताचं समीकरण लागतं. त्रिकोणाचं सूत्र किती भाग्यानं सुटसुटीत आहे, हे त्या समीकरणाकडे पाहिलं की कळतं.

तिसरी वाट मिती वाढवण्याची, आणि तीच सर्वांत श्रीमंत. चतुष्फलकाच्या सहा कडा दिल्या तर घनफळ ठरतं. त्याची रीत पंधराव्या शतकात पिएरो देल्ला फ्रांचेस्का या चित्रकारानं दिली. नंतर केली आणि मेंगर या गणितज्ञांनी अंतरांवरून घनफळ काढण्याची रीत कोणत्याही मितीसाठी लिहिली. त्यातून फक्त अंतरांवर उभी असलेली एक स्वतंत्र भूमिती तयार झाली. ती आज प्रथिनांचे आकार शोधायला वापरतात : कोणता अणू कोणापासून किती लांब, एवढं कळलं की सगळा आकार बांधता येतो.

घनाकृतींचा प्रश्न मात्र काड्यांच्या चौकटीसारखाच निघाला. पुठ्ठ्याची पानं कडांना बिजागऱ्यांनी जोडून बंद आकृती केली तर ती हलेल का? बहिर्वक्र आकृती हलत नाही, हे कोशीनं १८१३ मध्ये सिद्ध केलं. मग १९७७ मध्ये रॉबर्ट कॉनेलीनं आत-बाहेर वळलेली एक अशी आकृती दाखवली, जी खरोखर हलते. पानं तीच, कडा त्याच, आकार बदलतो. मग घनफळही बदलत असेल? तसं असतं तर लोहाराच्या भात्यासारखी ती हवा आत ओढून बाहेर सोडू शकली असती. रशियन गणितज्ञ इजाद साबितोव यानं १९९६ मध्ये दाखवलं की असं होत नाही. बंद आकृतीच्या त्रिकोणी पानांच्या कडांवरून घनफळाचं एक समीकरण लिहिता येतं. त्याला मोजकीच उत्तरं असतात, आणि हलताना घनफळ एका उत्तरावरून दुसऱ्यावर उडी मारू शकत नाही. म्हणून ते तसंच राहतं. त्या समीकरणाला मी हेरॉनच्या सूत्राचं नातवंड म्हणेन. पत्र्याचा भाता कधी करता येणार नाही, हे तीन काड्यांपासून सुरू झालेल्या विचारानं ठरलं.

संख्या-सिद्धान्तातली एक गंमत थोडक्यात सांगतो. बाजूंवरून क्षेत्रफळ ठरतं, उलट मात्र नाही. ५, ५, ६ आणि ५, ५, ८ या दोन्ही त्रिकोणांचं क्षेत्रफळ १२. मग परिमिती आणि क्षेत्रफळ दोन्ही सारखे असलेले, पूर्णांक बाजूंचे, एक काटकोन आणि एक समद्विभुज असे त्रिकोण सापडतील का? हिराकावा आणि मात्सुमुरा या दोन जपानी गणितज्ञांनी २०१८ मध्ये सिद्ध केलं की (लहानमोठं करणं सोडलं तर) अशी एकच जोडी आहे : १३५, ३५२, ३७७ आणि १३२, ३६६, ३६६. दोघांची परिमिती ८६४, क्षेत्रफळ २३,७६०.

आता परत जमिनीवर.

विल्यम लँबटननं १८०२ मध्ये मद्रासजवळ साडेसात मैलांची एक पायारेषा मोजली. त्याला ५७ दिवस लागले. तिथून त्यानं भारतावर त्रिकोणांचं जाळं विणायला घेतलं. त्या जाळ्यात बाजू मोजल्या जात नव्हत्या. एक बाजू मोजायची आणि पुढं सगळे कोन मोजायचे, कारण डोंगराच्या माथ्यावरून दुसऱ्या माथ्याकडे पाहणं शक्य होतं, साखळी ओढणं नव्हतं. हे काम करता करताच तो १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. दीड शतकानंतर गोष्ट उलटली. १९५० च्या दशकात प्रकाशाच्या आणि रेडिओच्या लहरींनी अंतर मोजणारी उपकरणं आली आणि कोनांपेक्षा बाजू मोजणं सोपं झालं. उपग्रहांवरून जागा ठरवताना तर फक्त अंतरंच मोजली जातात. तीन बाजूंचा जुना प्रश्न मोजणीच्या कामात पुन्हा मध्यभागी आला आहे.

मुंबई इलाख्याची मोजणी १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरहून नव्यानं सुरू केली. तिच्यातून आपल्याकडे रुजलेली शंकू-साखळीची पद्धत भास्कराचार्यांच्या वाटेनं जाणारी आहे. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. साखळीनं पाया मोजायचा, शंकूनं काटकोन साधून बांधाच्या कोपऱ्यापर्यंत लंब टाकायचा, आणि शेत त्रिकोण-समलंबांत फोडून बेरीज घ्यायची. जुन्या टिपणांवर पायारेषेच्या दोन्ही बाजूंना लिहिलेले ते लंबांचे आकडे पाहताना मला नेहमी आबाधा आठवतात. आता मोजणी खात्याकडे उपग्रहांवरून जागा सांगणारा रोव्हर आहे आणि कोपऱ्यांचे निर्देशांक काही क्षणांत मिळतात. पण तंटा झाला की लोक अजून टेप घेऊन बांधावर उभे राहतात आणि चार बाजू मोजतात. फोनवर चार बाजू टाकल्या की क्षेत्र सांगणारी साधनं आली आहेत, आणि त्यांतली कित्येक पाचवं माप मागत नाहीत. एडफूच्या भिंतीवरची चूक आता दशांशचिन्हानंतर दोन अंकांपर्यंत नेमकी करून मिळते. व्यवहार चौरस फुटांवर होत असताना ही चूक कुणाच्या तरी घरचे पैसे घेऊन जाते. या पुस्तकाची गरज मला वाटली ती यामुळे.

आणखी एक गोष्ट व्यवहाराची आहे आणि पाठ्यपुस्तकांत सहसा नसते. तीन बाजूंनी क्षेत्रफळ ठरतं हे खरं, पण मापात चूक असते. ५०, ३० आणि २० मीटर बाजूंचा त्रिकोण म्हणजे एक रेषाच, क्षेत्रफळ शून्य. तिसरं माप २० ऐवजी २० मीटर १० सेंटिमीटर आलं, तर क्षेत्रफळ जवळजवळ ३९ चौरस मीटर होतं. टेप जरा सैल धरल्यानं एवढा फरक! म्हणून मोजणीदार फार चपटे त्रिकोण टाळतात. संगणकही अशा सुईसारख्या त्रिकोणांवर घसरतो. विल्यम काहन यांनी दाखवलं की हेरॉनचं सूत्र तसंच्या तसं न वापरता, बाजू उतरत्या क्रमानं लावून आणि कंस जपून ठेवून गणित केलं, तर ही घसरण टळते. सूत्र तेच, फक्त वजाबाक्या कोणत्या क्रमानं करायच्या हे बदलतं.

आणि हे सगळं सपाट जमिनीवर. गोलावरही तीन बाजूंनी क्षेत्रफळ ठरतं, कारण गोल सगळीकडे सारखाच वाकलेला असतो. त्याचं सूत्र स्विस गणितज्ञ लुइलिये याच्या नावावर आहे. पण अंड्याच्या कवचावर टोकाशी एक आणि पोटाशी एक असे त्याच तीन लांबींचे त्रिकोण काढले, तर त्यांची क्षेत्रफळं एकच येतील याची खात्री नाही. गाउसच्या १८२७ च्या निबंधानंतर हे नीट समजलं. ‘तीन बाजू पुरेत का’ याचं उत्तर शेवटी ज्या पृष्ठभागावर आपण उभे आहोत त्याच्यावर अवलंबून असतं.

या पुस्तकात मी इतिहास क्रमानं सांगत गेलेलो नाही, आणि सिद्धताही सगळ्या दिलेल्या नाहीत. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारत गेलो आहे : दिलेल्या मापांत उत्तर आहे का? ते असेल तरच पुढं रीत दिली आहे. दहावीपर्यंतचं गणित पुरतं. साबितोव आणि गाउस यांच्या भागात वाचकानं थोडा धीर धरावा, तिथं मी आकृत्यांवर जास्त भिस्त ठेवली आहे. परिभाषेत मी शाळेचे शब्द ठेवले आहेत. ‘आबाधा’ आणि ‘अक्षेत्र’ हे दोन जुने शब्द मात्र मुद्दाम परत आणले, कारण त्यांना आजच्या मराठीत तितका नेमका पर्याय मला मिळाला नाही.

वाचायला बसताना जवळ खराट्याच्या काही काड्या, दोरा आणि मोजपट्टी असू द्यावी. पहिल्या प्रकरणाआधी १०, १७ आणि ९ सेंटिमीटरच्या तीन काड्या कापून बांधाव्यात, ९ ची काडी टेबलावर आडवी धरावी, आणि वरच्या टोकापासून सरळ खाली दोरा सोडून तो कुठे पडतो ते पाहावं.